एका इंचाला किती भांडणं?

यवतमाळात कोणी "काय करता?" असं विचारलं आणि "ड्रोनने, विमानातून काढलेल्या फोटोंवर शेतांच्या हद्दी रेखाटतो" असं उत्तर दिलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "पगार किती देतात?" हा प्रश्न मला आवडतो. त्याचं उत्तर लहान असलं तरी आहे. भीती वाटते ती शिकलेल्या माणसाची. तो चष्मा कपाळावर चढवतो, मान जराशी तिरपी करतो आणि म्हणतो, "स्केल काय घेतलं?"

प्रश्न सभ्य आहे, शास्त्रशुद्ध आहे आणि त्याला उत्तर नाही. कागदाच्या नकाशाला प्रमाण असतं, हे मलाही मान्य. १:४००० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर आणि जमिनीवरचे चाळीस मीटर. कागद एकदा छापला की टेबलावर निमूट पडून राहतो. पडद्यावरचं चित्र पडून राहत नाही. माऊसचं चाक जरा पुढे फिरवलं की वावर दिसतं, आणखी फिरवलं की धुरा, मग धुऱ्यावरची बाभूळ, मग नुसते करडे-हिरवे चौकोन. उलटं फिरवलं की पैनगंगा ओलांडून थेट तेलंगणा. दिवसभर हे चाक मागेपुढे होत असतं. विचारणाऱ्याला नेमकं कितव्या मिनिटाचं प्रमाण हवं आहे?

पडद्याच्या कोपऱ्यात संगणक १:१००० असं काहीतरी लिहीत असतो. ते वाचून सांगावं, तर तेही त्याचं आपलं अंदाजपंचे. एका इंचात ९६ ठिपके आहेत असं तो मनाशी धरून चालतो. समोरचा पडदा चौदा इंची आहे की बत्तीस इंची, याची त्याला गंधवार्ता नसते. एका बैठकीत आमचं हेच चित्र प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलं होतं. एकरभराचं वावर खिडकीएवढं झालं, त्यातली विहीर वाटीएवढी झाली, आणि कोपऱ्यात अजूनही १:१०००. वरिष्ठांनी बराच वेळ भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान. स्केल मेंटेन केलंय."

आता ज्या गोष्टीला उत्तर नाही तिच्यासाठी फॉर्मवर रकाना नसता, तर देश एव्हाना कुठच्या कुठे गेला असता. आमच्या फॉर्मवर रकाना आहे : 'रेखाटनाचे प्रमाण'. तो रिकामा सोडला की फाइल परत येते. म्हणून प्रत्येकजण आपापल्या स्वभावानुसार तो भरतो. सगळ्यात जुना माणूस १:४००० लिहितो, कारण त्याच्या आधीचा माणूस १:४००० लिहायचा. एकजण १:५०० लिहितो. बारीक काम केल्यासारखं वाटतं म्हणून. नव्याने लागलेल्या पोराने 'चांगले' असं लिहिलं होतं.

"हे 'चांगले' काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"सर, स्केल."

साहेबांनी ते खोडून १:२००० केलं. का, ते त्यांनाही विचारू नये. दोन हजार हा आकडा पाचशेपेक्षा जबाबदार आणि चार हजारापेक्षा मेहनती वाटतो, एवढंच.

या पोराला पुढे वेगळाच आजार जडला. चाक पुढे फिरवत गेलं की काम अचूक होत जातं, अशी त्याची श्रद्धा होती. आमच्या कामात ही श्रद्धा गोवरासारखी सगळ्यांना एकदा येऊन जाते. एक धुरा तो सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत रेखाटत बसला होता. वळण आलं की बिंदू, वळणात वळण आलं की आणखी बिंदू. इतका नागमोडी धुरा अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही, म्हणून आम्ही चित्र जरा मागे घेऊन पाहिलं. ती कडुनिंबाची सावली होती. फोटो सकाळी काढलेला होता. संध्याकाळी काढला असता तर तीच हद्द शेजाऱ्याच्या वावरातून गेली असती.

वाल्डो टोबलर नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९८७ मध्ये यावर एक सोपा हिशेब सांगून ठेवला आहे. प्रमाणाच्या खालच्या आकड्याला हजाराने भागा; जे उत्तर येईल तितक्या मीटरची वस्तू त्या नकाशात जेमतेम ओळखू येते. १:४००० ला चार मीटर. १:५०,००० ला पन्नास मीटर. फोटोतला एक चौकोन जमिनीवरच्या अर्ध्या मीटरचा असेल, तर चाक कितीही फिरवा, त्याच्या आत काही दडलेलं नसतं. टोबलरसाहेब थोर माणूस, पण ते आमच्याकडे कधी मोजणीला आले नसावेत. आमच्याकडचा धुरा दोन-तीन फुटांचा. टोबलरच्या हिशेबाने तो दिसायलाच नको, आणि नेमक्या त्याच्यासाठी दोन-दोन पिढ्या कोर्टात जातात. शिवाय १:४००० च्या कागदावर पाव मिलिमीटरची रेघ मारली, तर ती रेघच जमिनीवर एक मीटर रुंद होते. म्हणजे धुरा रेघेखाली गडप. मग "आमची हद्द रेघेच्या आतल्या अंगाने की बाहेरच्या?" असा प्रश्न येतो, आणि तो विचारणारा माणूस सोबत वकील घेऊन आलेला असतो.

काही लोक मात्र वकील न आणता एकटेच येतात. खाली चहाची टपरी आहे. वर 'पोट्टे कॉम्प्युटरवर वावर दाखवतात' एवढी बातमी त्यांना तिथे मिळालेली असते. असे एक काका आले. टोपी काढून मांडीवर ठेवली, खुर्ची पडद्याला चिकटवली.

"हे मायं वावर हाय नं?"

"हो काका."

"मोठं कर."

केलं.

"अजून कर."

केलं. पडदाभर पसरलेल्या पऱ्हाटीकडे काका बराच वेळ प्रसन्नपणे पाहत राहिले. मग शेजारच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "अन् हे आमच्या धाकल्याचं. हे लहान कर."

"काका, तसं नाही होत. दोन्ही सोबतच मोठी होतात, सोबतच लहान होतात."

"मंग कॉम्प्युटर आणला कायले, बाप्पा?"

मला उत्तर सुचलं नाही. काकांच्या मागणीत गैर काय होतं? शेजाऱ्याचा धुरा आपल्याकडे सरकलेला प्रत्येकाला बोटाच्या पेराइतका नीट दिसतो. तोच माणूस गावच्या पांदण रस्त्याचा विषय निघाला की चाक उलटं फिरवतो. "थो कायचा रस्ता? बारीक रेघ हाय. नका काढू." पावसाळ्यात त्याच बारीक रेघेत बैलगाडी आसापर्यंत रुतते, तेव्हा मात्र रस्ता सगळ्यांना पुरेसा मोठा दिसतो.

प्रमाण ठरवण्याची खरी रीत पुस्तकात दिलेली आहे. कॅमेऱ्याच्या भिंगाचं नाभीय अंतर घ्यायचं आणि उड्डाणाच्या उंचीने भागायचं. १५२ मिलिमीटरचं भिंग आणि जमिनीपासून १५२० मीटर उंची, म्हणजे १:१०,०००. झालं. फक्त त्यासाठी जमीन ताटासारखी सपाट लागते, आणि आमच्या पुसद-उमरखेडकडे टेकड्या आहेत. तीनशे मीटर उंच टेकडी फोटोत आली की ती कॅमेऱ्याच्या तेवढी जवळ येते आणि तिच्या माथ्यावर प्रमाण १:८००० च्या आसपास होतं. वरच्याचं वावर मोठं दिसतं, खालच्याचं लहान. गावात राहिलेल्याला यात नवीन काही वाटणार नाही.

आणि उंची माहीत असली पाहिजे. एका गावाचे फोटो आमच्याकडे आले, त्यांच्यासोबत उंचीची नोंदच नव्हती. ड्रोन उडवणाऱ्या पोराला फोन लावला, तर मागे बँड वाजत होता. तो त्याच ड्रोनने लग्नाचं शूटिंग करत होता. "उंची? घ्या ना तुमच्या अंदाजाने," तो म्हणाला आणि वरात निघाली म्हणून फोन ठेवला.

अशा वेळी दुसरी रीत वापरायची. ज्याची लांबी पक्की ठाऊक आहे अशी एखादी वस्तू फोटोत शोधायची, ती पडद्यावर मोजायची आणि भागाकार करायचा. शोध सुरू झाला. कोणी म्हणालं, शकुंतलेचे रूळ घ्या. यवतमाळ-मूर्तिजापूर ही आमची लाडकी अरुंद गाडी. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, आणि ते इंग्रजांच्या काळापासून बदललेलं नाही. पण ७६२ मिलिमीटर म्हणजे फोटोतला दीड चौकोन, आणि रुळांवर झुडपं इतकी माजलेली की गाडी कुठून जायची हे जुन्या प्रवाशालाही सांगता आलं नसतं. मग कोणी म्हणालं, डांबरी रस्त्याची रुंदी घ्या. यावर सगळेच हसले. रस्त्याची रुंदी टेंडरमध्ये एक, बिलात एक आणि जमिनीवर तिसरीच असते, कोणती धरायची?

शेवटी साहेबांना गावाबाहेरच्या मैदानात क्रिकेटची खेळपट्टी दिसली आणि त्यांचा चेहरा उजळला. खेळपट्टी म्हणजे बावीस यार्ड. जगात कुठेही जा, बावीस यार्ड. ६६ फूट, २०.१२ मीटर. सतराव्या शतकात एडमंड गुंटरने जमीन मोजायला जी साखळी काढली, तीही ६६ फुटांचीच. आणि आपल्याकडच्या मोजणीतली सोळा आण्यांची साखळी तिच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. लॉर्ड्सपासून आमच्या शिवारापर्यंत सगळं एका साखळीत बसलं. साहेब भारावून गेले. आम्हीही गेलो. खेळपट्टी मोजली, प्रमाण काढलं, गाव रेखाटलं, क्षेत्रफळं मांडली.

गावातली सगळी जमीन सव्वापट झाली.

कोणीही हरकत घेतली नाही. ज्याचे चार एकर होते त्याला पाच दिसले आणि तो आमच्या टेबलावर पेढे ठेवून गेला. तंत्रज्ञानावर गावाचा इतका विश्वास मी त्यापूर्वी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. सातबाऱ्याशी ताळा जमेना तेव्हा टेप घेऊन मैदानावर जावं लागलं. पोरं खेळतच होती.

"पिच किती लांब आहे रे?"

"बावीस."

"बावीस काय?"

"पावलं."

"कोणाची?"

"कॅप्टनची."

कॅप्टन आठवीत होता आणि संघातला एकमेव वेगवान गोलंदाज होता. टेप लावला तर अठरा मीटर. लांबीत बारा टक्क्यांच्या आसपास फरक, आणि लांबी-रुंदी दोन्हीकडून तो लागला की एकराचा सव्वा एकर. आम्ही दुरुस्ती केली. त्यानंतर मात्र अर्ज आले. प्रत्येकाचा एकरामागे पाव एकर कोणीतरी खाल्ला होता, आणि खाणारे म्हणून आमची नावं होती.

तरी त्या अर्जांत नकाशाची झेरॉक्स जोडलेली नव्हती, हे नशीब. जुन्या नकाशाची झेरॉक्स ही फार वाईट चीज. मूळ नकाशा असतो मोठ्या कागदावर, ए-थ्रीवर. दुकानदाराकडचा मोठा कागद नेमका संपलेला असतो, म्हणून तो ए-फोरवर 'बसवून' देतो. चित्र आकसतं, प्रत्येक रेघ मूळच्या सत्तर टक्के होते. पण खाली अक्षरात लिहिलेलं '१:४०००' जागचं हलत नाही. प्रमाण आता १:५६०० च्याही पुढे गेलेलं असतं आणि कागद १:४००० म्हणत असतो. घरी पोराच्या कंपासपेटीतली पट्टी काढून मालक मोजतो, तर वावर बरोबर अर्धं. संशय आधी शेजाऱ्यावर जातो, मग पटवाऱ्यावर, शेवटी सख्ख्या भावावर. झेरॉक्सवाल्यावर कोणाचाही जात नाही. तो दहा रुपये घेऊन पुढच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड लॅमिनेट करत असतो. नकाशाखाली खुणांची छोटी पट्टी छापलेली असते, ती चित्रासोबतच आकसते, म्हणून तिच्यावरून मोजलं तर हिशेब बरोबर येतो. पण खरी प्रत असल्याचा गोल शिक्का बहुधा तिच्यावरच मारलेला असतो.

हे असलं सगळं पाहून मला हिंगणघाट आठवतं. वर्धा नदीच्या पलीकडे, शेजारच्याच जिल्ह्यात. तिथे जानेवारी १८२३ मध्ये विल्यम लॅम्बटन वारला आणि तिथेच त्याची कबर आहे. हिंदुस्थान मोजायला निघालेला हा माणूस. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने पहिली पायारेषा मोजली, साडेसात मैलांची. पोलादी साखळी उन्हाने लांबते म्हणून तिला सावलीत ठेवत, थर्मामीटर बघत बघत त्याने त्या साडेसात मैलांना ५७ दिवस लावले. मग अर्धा टन वजनाचं कोनमापक यंत्र घेऊन तो त्रिकोणामागून त्रिकोण मांडत, ७८ अंश रेखांशाच्या आसपासने उत्तरेकडे सरकत राहिला. तंजावरला ते यंत्र देवळाच्या गोपुरावर चढवताना आपटून वाकडं झालं, तर त्याने ते स्वतः बसून सरळ केलं. वीस वर्षं हेच. मी ही हकीकत साहेबांना सांगितली. ते म्हणाले, "साडेसात मैलाला ५७ दिवस? आपल्याकडे त्याला पहिल्याच आठवड्यात नोटीस गेली असती."

खरं आहे. आमच्याकडे साडेसात मैल चहा येईपर्यंत होतात. आणि चुका तर त्याहून लवकर होतात, कारण त्या करायलाही आता संगणक आहे. नेटवरचे फोटो-नकाशे ज्या पद्धतीने पडद्यावर पसरतात, ती मुळात १५६९ मध्ये मर्केटरने दर्यावर्दी लोकांसाठी शोधलेल्या रीतीवर बेतलेली आहे. दिशा नीट राहते. पण विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतशी जमीन फुगते. यवतमाळच्या अक्षांशावर लांबी जवळजवळ सात टक्क्यांनी वाढते आणि क्षेत्रफळ चौदा टक्क्यांच्या आसपास. सातबाऱ्यावरचे चार एकर पडद्यावर साडेचार होतात. कन्याकुमारीच्या शेतकऱ्याला यात जेमतेम दोन टक्के मिळतात आणि श्रीनगरचा पंचेचाळीस टक्के घेऊन जातो. विदर्भावरच्या अन्यायाची यादी आधीच लांब आहे, म्हणून मी हे कुठे बोललो नव्हतो.

हा फुगवटा टाळायचा तर जगाच्या साठ पट्ट्यांपैकी आपला पट्टा निवडून त्यात मोजायचं असतं. प्रत्येक पट्टा सहा अंशांचा. ७२ ते ७८ अंश हा पट्टा ४३, ७८ ते ८४ हा ४४. आणि ७८ अंशाची रेषा जाते कुठून? बरोबर आमच्या जिल्ह्यातून. ज्याने ही वाटणी केली त्याला सोळा तालुक्यांचा एकसंध जिल्हा बघवला नाही. यवतमाळ ४४ मध्ये, तिथून निघालेली शकुंतला दारव्ह्याला पोचेपर्यंत ४३ मध्ये जायची. दोन्ही पट्ट्यांत आकड्यांची मोजणी आपापल्या मध्यरेषेपासून, त्यामुळे पट्टा चुकला की वावर सहा अंश सरकतं. आमच्या अक्षांशावर सव्वासहाशे किलोमीटर.

दारव्ह्याची तूर एकदा अशीच ओडिशात गेली होती. ते एक वेळ ठीक. तिथे निदान जमीन आहे. पण यवतमाळजवळचं एक गाव कोणीतरी ४३ मध्ये टाकलं आणि ते पश्चिमेला सरकत सरकत दमण ओलांडून, किनाऱ्यापासून सत्तर-एक किलोमीटर आत, अरबी समुद्रात जाऊन बसलं. पडद्यावर चहूकडे निळंशार पाणी आणि मधोमध आमच्या गटांच्या लाल हद्दी, विहिरींच्या खुणांसकट. उन्हाळ्यात नळाच्या दिवसाची वाट बघणाऱ्या यवतमाळकरांना इतकं पाणी एकत्र पाहायची सवय नाही. सगळे कामं सोडून बघायला जमले. चहावाला पोरगाही थांबला. "बोरं मारायची गरजच नाई आता," तो म्हणाला. साहेबांनी चौकशी केली ती एवढीच, की पाण्याखालची जमीन कोरडवाहूत धरायची की ओलितात.

तेव्हा या जिल्ह्यात हे काम करणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती. नेर, दारव्हा, दिग्रस, पुसद, महागाव, उमरखेड ही गावं ४३ मध्ये. यवतमाळ, बाभूळगाव, कळंब, राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा, मारेगाव, झरी, वणी ही ४४ मध्ये. आर्णी तालुका रेषेच्या दोन्ही अंगांना पसरला आहे, तिथल्या प्रत्येक वावराचा रेखांश आधी बघावा. ७८ च्या अलीकडे ४३, पलीकडे ४४. आणि धुरा बरोबर ७८ वरच आला, तर दोन्ही भावांना एकाच वेळी कार्यालयात बोलावू नये.